फिरता दिवा : आपत्कालीन वाहनांवरील जुन्या दिव्यांचा संग्रह आणि रसग्रहण

सारांश :

पोलिसांची गाडी, अग्निशमन दलाचा बंब आणि रुग्णवाहिका यांच्या टपावर फिरणारा रंगीत दिवा ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रस्त्यावरची परिचित वस्तू होय. झेनॉन नळीचे आणि त्यानंतर एलईडीचे दिवे आल्यावर हा दिवा मागे पडला व हळूहळू संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसला. प्रस्तुत लेखात या दिव्याची पूर्वपीठिका, रचना, त्यामागील प्रकाशशास्त्र, अमेरिका व युरोपातील त्याची वाटचाल, संग्राहकांचे निकष आणि भारतातील ‘लाल दिव्या’चा अनुभव यांचा परामर्श घेतला आहे. या दिव्याचे मर्म त्याच्या फिरण्यात आहे, म्हणून जतन करावयाचे ते केवळ त्याच्या कवचाचे नव्हे तर त्याच्या गतीचे, असे प्रतिपादन येथे केले आहे. तसेच हा दिवा वाहनातील व्यक्तीसाठी नव्हे तर तिच्या हातातील तातडीच्या कामासाठी वाट मागतो, हा त्याचा मूळ अर्थ अशा संग्रहातून पुन्हा स्पष्ट होऊ शकतो, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : फिरता दिवा, परावर्तक, सीलबीम, परिणामी तीव्रता, संग्रह, लाल दिवा.

१. प्रस्तावना :

संग्रह म्हटले की नाणी, टपाल तिकिटे, हस्तलिखिते, शस्त्रे किंवा मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर येतात. तथापि नित्य वापरातील साध्या वस्तूंनाही इतिहास असतो, ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांची आणि अडकित्त्यांची दालने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. समई, लामणदिवा, हातातील चिमणी यांकडे आपण आता सांस्कृतिक ठेवा म्हणून पाहतो. मात्र विजेच्या आणि यंत्राच्या युगातील दिव्यांकडे अद्याप त्या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. वाहन भंगारात निघाले की त्याच्यावरील दिवाही भंगारात जातो.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत आणि जर्मनीत, आपत्कालीन वाहनांवरील जुने फिरते दिवे जमविणारा, दुरुस्त करणारा आणि त्यांची बारकाईने नोंद ठेवणारा एक छोटा पण निष्ठावंत वर्ग आहे. निवृत्त अग्निशामक, पोलिस कर्मचारी, वाहनदुरुस्ती करणारे कारागीर आणि जुन्या मोटारींचे अभ्यासक यांचा त्यात भरणा असतो. वरवर पाहता हा छंद विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. परंतु भौतिकशास्त्र, यंत्रशास्त्र, कायदा, भाषा आणि समाजशास्त्र या पाचही शाखांना स्पर्श करणारी ही वस्तू आहे. म्हणूनच बहुविद्याशाखीय दृष्टीने तिचा विचार करणे उचित ठरते.

२. पूर्वपीठिका – दीपगृहापासून वाहनाच्या टपापर्यंत :

प्रकाश फिरवून लक्ष वेधून घेण्याची कल्पना मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. स्वीडनच्या किनाऱ्यावरील कार्लस्टेन दीपगृहात १७८१ मध्ये घड्याळाच्या यंत्रणेने फिरणारा दिवा बसविण्यात आला. स्थिर दिवा किनाऱ्यावरील इतर दिव्यांत किंवा आकाशातील ताऱ्यांत मिसळून जाण्याचा धोका असतो. फिरणारा दिवा मात्र ठरावीक अंतराने उजळतो आणि मावळतो, त्यामुळे खलाशाला तो निःसंशय ओळखू येतो. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगुस्तँ फ्रेनेल याने जाड भिंगाचे पायऱ्यांसारखे कंगोरे असलेल्या पातळ कड्यांत रूपांतर केले. १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात हे भिंग प्रथम वापरात आले. एकाच ज्योतीचा प्रकाश गोळा करून त्याचा दूरवर पोहोचणारा झोत करणे यामुळे शक्य झाले.

वाहनावरील फिरता दिवा हा या दीपगृहाचाच वंशज होय. फ्रेंच भाषेने हे नाते शब्दातच जपले आहे. या दिव्याला फ्रेंचमध्ये ‘जिरोफार’ म्हणतात. त्यातील ‘जिरो’ म्हणजे फिरणारे आणि ‘फार’ म्हणजे दीपगृह. जर्मन भाषेतील ‘रुंडुमकेनलॉइश्ट’ या लांबलचक शब्दाचा अर्थ ‘सभोवार दिसणारा ओळखदिवा’ असा होतो. एक शब्द दिव्याची गती सांगतो, तर दुसरा त्याचे कार्य. जपानमध्ये ‘पॅटलाइट’ हे एका उत्पादकाचे नोंदणीकृत नाव लोकांच्या तोंडी अशा कोणत्याही दिव्याचे नाव होऊन बसले. अमेरिकेत मात्र लोकांनी याला थट्टेने ‘गमबॉल मशिन’ म्हटले, कारण दुकानाबाहेरील गोळ्यांच्या काचेरी यंत्रासारखा तो दिसे.

दीपगृह आणि वाहन यांत एक महत्त्वाचा भेद आहे. दीपगृह स्थिर असते आणि ‘मी कोठे आहे’ हे सांगते. वाहनावरील दिवा स्वतःच धावत असतो आणि ‘मला जाऊ द्या’ असे सांगतो. पहिला माहिती देतो, दुसरा विनंती करतो. कायद्याचे पाठबळ मिळाले की ही विनंती आज्ञेच्या जवळ जाते. दिव्याचा पुढील सारा सामाजिक इतिहास या भेदातून उलगडतो.

३. रचना – आत नेमके काय फिरते ?

फिरत्या दिव्याविषयी एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. तो लुकलुकतो, म्हणजे त्याचा प्रवाह चालू-बंद होत असावा, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः आतील दिवा अखंड जळत असतो. झोत आपल्या दिशेने वळला की उजेड दिसतो आणि पुढे सरकला की अंधार वाटतो. लुकलुक ही दिव्यात नसून पाहणाऱ्याच्या जागेत असते. चार दिशांना उभ्या असलेल्या चार व्यक्तींना तोच दिवा चार वेगवेगळ्या क्षणी उजळलेला दिसतो.

रचनेच्या दृष्टीने या दिव्यांचे दोन प्रमुख वर्ग पडतात. पहिल्या वर्गात बल्ब मध्यभागी स्थिर असतो आणि त्याच्याभोवती अन्वस्त आकाराचा परावर्तक आरसा किंवा भिंगांची जोडी फिरते. युरोपातील बॉश, हेला आदी उत्पादकांचे दिवे बव्हंशी स्थिर बल्ब व फिरता आरसा या पद्धतीचे आहेत. दुसऱ्या वर्गात दिवेच फिरतात. अमेरिकी बनावटीच्या अनेक दिव्यांत काच, परावर्तक आणि तंतू एकत्र बंदिस्त असलेले ‘सीलबीम’ दिवे एका फिरत्या चौकटीवर बसविलेले असतात. त्यांतील ‘पार-३६’ हा आकार संग्राहकांच्या विशेष परिचयाचा आहे. येथे ३६ हा आकडा इंचाच्या आठव्या भागांत मोजलेला व्यास दर्शवितो. म्हणजेच व्यास साडेचार इंच, सुमारे ११.४ सेंटिमीटर भरतो.

या दोन वर्गांतील फरक दुरुस्तीच्या वेळी प्रकर्षाने जाणवतो. बल्ब स्थिर असेल तर त्याला सरळ तारेने वीज देता येते. दिवेच फिरत असतील तर फिरत्या भागाला वीज पोहोचविण्यासाठी घासत जाणारा संपर्क आवश्यक ठरतो. हा संपर्क झिजला, गंजला किंवा काजळला की दिवा मध्येच मंदावतो. दोन्ही वर्गांत एक छोटी मोटर असते आणि तिचा वेगवान फेर दंतचक्रांच्या साहाय्याने संथ केला जातो. जुन्या दिव्यातून येणारी घरघर ही या दंतचक्रांची असते. अनुभवी संग्राहक नुसत्या आवाजावरून मोटरीतील कार्बन ब्रशची आणि वंगणाची अवस्था ताडतो.

या यंत्रणेवर रंगीत घुमट बसविलेला असतो. प्रारंभीचे घुमट काचेचे होते, नंतर प्लास्टिकचे आले. अनेक घुमटांवर आतून उभ्या रेषा कोरलेल्या असतात. त्या केवळ शोभेसाठी नसून झोत किंचित पसरविण्याचे काम करतात.

४. प्रकाशशास्त्रीय हिशेब :

एकच बल्ब फिरवून नेमका काय लाभ होतो, हे एका आदर्श उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, एका बल्बचा प्रकाश सभोवार ३६० अंशांत सारखा पसरला आहे. तोच प्रकाश आरशाने गोळा करून १० अंश रुंदीच्या झोतात आणला, तर कोणतीही हानी नाही असे गृहीत धरता झोताच्या दिशेने तीव्रता ३६ पट होईल. परंतु हा झोत पाहणाऱ्याच्या डोळ्यावर फारच थोडा वेळ राहतो. मिनिटाला ६० फेरे धरल्यास १० अंशांचा झोत एका सेकंदाच्या छत्तिसाव्या भागात, म्हणजे सुमारे ०.०२८ सेकंदात निघून जातो.

इतक्या अल्पकाळ दिसलेल्या प्रकाशाचा डोळ्यावर किती परिणाम होतो, याचे सूत्र ब्लाँडेल आणि रे या दोन फ्रेंच अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. दृश्यतेच्या सीमेवरील क्षीण प्रकाशासाठी ते आजही उपयोगी मानले जाते. चमकेचा कालावधी भागिले ‘०.२ सेकंद अधिक तो कालावधी’ या गुणोत्तराने प्रत्यक्ष तीव्रतेला गुणले की ‘परिणामी तीव्रता’ मिळते. वरील उदाहरणात हे गुणोत्तर सुमारे ०.१२ येते. छत्तीस पटीला त्याने गुणल्यास सुमारे ४.४ पट हे उत्तर मिळते. तात्पर्य, झोत क्षणभरच दिसत असला तरी तेवढीच वीज खाणाऱ्या स्थिर दिव्यापेक्षा तो चौपटीहून अधिक प्रभावी ठरतो. शिवाय त्याच्या हालचालीने लक्ष वेधले जाते, तो लाभ निराळाच.

हाच हिशेब पुढे नेला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. फेरे मिनिटाला १२० केले, तर चमक आणखी आखूड होते आणि लाभ ४.४ वरून सुमारे २.३ पटीवर घसरतो. फेरे ३० वर आणले, तर तो सुमारे ७.८ पट होतो. परंतु एकच झोत असेल तर तो दोन सेकंदांतून एकदा दिसेल आणि वेगाने येणाऱ्या वाहनासाठी हे अंतर फार आहे. यावर उपाय म्हणजे संथ फिरणाऱ्या चौकटीवर चार दिवे बसविणे. मग फेरे ३० असूनही चमका १२० मिळतात आणि प्रत्येक चमक पुरेशी दीर्घ राहते. याची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते. प्रत्येकी ३० वॅटचे चार दिवे धरले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १० अँपिअर प्रवाह केवळ दिव्यांसाठी जातो. झोतांची संख्या, फेऱ्यांची गती आणि बॅटरीची क्षमता यांचा मेळ घालणे ही या दिव्यांच्या रचनेतील मूलभूत समस्या होती. चमकांच्या संख्येवर कायद्याचेही नियंत्रण असते. उदाहरणार्थ, ब्रिटनच्या १९८९ च्या वाहनदीप नियमांत ती मिनिटाला किमान ६० व कमाल २४० अशी ठरविली आहे.

हा सर्व हिशेब वर्गात विद्यार्थ्यांकडून करवून घेता येण्याजोगा आहे. टेबलावर एक जुना दिवा, हातात सेकंदकाटा आणि फळ्यावर एक सूत्र एवढ्या सामग्रीवर भौतिकशास्त्राचा एक उत्तम तास होऊ शकतो.

५. अमेरिका आणि युरोपातील वाटचाल :

अमेरिकेत या दिव्याचा इतिहास शिकागो शहराशी निगडित आहे. १९०१ मध्ये तेथे स्थापन झालेली आणि प्रारंभी दुकानांच्या विद्युत पाट्या करणारी कंपनी पुढे ‘फेडरल साइन अँड सिग्नल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘बीकन रे’ हा फिरता दिवा बाजारात आणला. चकचकीत धातूची बैठक, तिच्यावर उंच घुमट आणि आत फिरणारे सीलबीम अशी त्याची घडण होती. त्यापूर्वी पोलिसांच्या व अग्निशमन दलाच्या गाड्यांवर स्थिर किंवा लुकलुकणारे लाल दिवे असत. बंबांवर आणि आगगाडीच्या इंजिनांवर ‘मार्स लाइट’ नावाचा, झोत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हलविणारा दिवाही वापरात होता. तथापि चारही दिशांना सारखाच इशारा देणारा दिवा म्हणून ‘बीकन रे’ने आपले स्थान पक्के केले.

१९७० च्या दशकात एकट्या घुमटाची जागा दिव्यांच्या आडव्या पट्टीने घेण्यास प्रारंभ केला. याच कंपनीच्या ‘ट्विनसॉनिक’ या पट्टीत दोन टोकांना दोन फिरते दिवे आणि मध्यभागी भोंग्याचा ध्वनिक्षेपक असे. आतील तिरक्या आरशांमुळे त्याच झोताच्या अधिक चमका दिसत. याच काळात चुंबकाने टपावर चिकटणारा सुटा दिवाही लोकप्रिय झाला. ‘कोजॅक’ या १९७३ ते १९७८ या काळातील दूरदर्शन मालिकेमुळे त्याला ‘कोजॅक लाइट’ हे नाव पडले. त्यानंतर हॅलोजन बल्ब, झेनॉन नळी आणि अखेरीस एलईडी असा क्रम लागला. एलईडीला फिरणारा भाग नको, वीज कमी लागते आणि आयुष्य अधिक असते. त्यामुळे फिरता दिवा व्यवहारातून बाजूला पडणे अपरिहार्य होते. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. रुग्णवाहिकेला जो दिवा अधिक खात्रीने वाट मिळवून देईल तोच योग्य होय.

युरोपात रंगाची कथा वेगळी आहे. जर्मनीत १९३८ मध्ये पोलिस व अग्निशमन वाहनांसाठी निळा रंग विहित करण्यात आला. युद्धकाळातील अंधारबंदीत निळा दिवा उंचावरील विमानांतून कमी दिसावा, हे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. फिरते दिवे तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर आले आणि निळा रंग कायम राहिला. वास्तविक तंतूच्या बल्बमधून निळा प्रकाश फारच थोडा निघतो. त्यामुळे निळ्या घुमटातून बल्बच्या प्रकाशाचा अल्प अंशच बाहेर पडतो, तर लाल घुमटातून तुलनेने अधिक. मात्र मंद प्रकाशाला सरावलेला डोळा निळ्याला अधिक संवेदनशील असतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. म्हणून रात्री निळा आणि दिवसा लाल अधिक उपयुक्त, असा स्थूल नियम सांगितला जातो.

रंगाचा अर्थ प्रदेशागणिक बदलतो. जपानमध्ये पोलिस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी लाल रंग आहे. न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवी अग्निशामकाच्या खासगी मोटारीवर निळा, तर स्वयंसेवी रुग्णवाहिका सेवकाच्या मोटारीवर हिरवा दिवा असतो. शिकागोच्या बंबांवर लालाच्या जोडीला हिरवा दिसतो. रंगाला स्वभावतः अर्थ नसतो, तो संकेताने प्राप्त होतो, हे भाषाविज्ञानातील तत्त्व येथे दिव्यांच्या रूपाने पडताळून पाहता येते.

६. संग्राहकांचे निकष आणि जतनाची रीत :

जाणकार संग्राहक दिवा हाती घेतल्यावर प्रथम त्याची बैठक उलटी करून पाहतो. तेथील धातूच्या पट्टीवर उत्पादकाचे नाव, नमुन्याचा क्रमांक आणि व्होल्ट नोंदविलेले असतात. हा शेवटचा तपशील कालनिर्णयास उपयुक्त ठरतो. अमेरिकी मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यास ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. त्यामुळे ६ व्होल्टचा दिवा बहुधा त्यापूर्वीच्या वाहनासाठीचा असतो.

दुसरा निकष एकसंधतेचा आहे. हे दिवे वर्षानुवर्षे कामात असल्याने त्यांचे घुमट, मोटरी आणि सीलबीम अनेकदा बदललेले असतात. एका नमुन्याच्या बैठकीवर दुसऱ्याचा घुमट असणे ही सामान्य गोष्ट आहे. नव्याने ओतलेले प्रतिरूप घुमटही मिळतात. प्रतिरूप वापरणे गैर नाही, परंतु तसे नोंदविले पाहिजे. हस्तलिखितातील मूळ पाठ आणि नंतरची भर यांत संपादक जो विवेक करतो, तोच येथे अपेक्षित आहे.

तिसरा निकष अवस्थेचा. उन्हाने प्लास्टिकचा रंग उडतो आणि त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात. अशा घुमटावर स्पिरिट किंवा थिनर लावल्यास भेगा वाढतात. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड हेच सुरक्षित. सुकून चिकट झालेले वंगण काढून नवे लावावे, कार्बन ब्रश तपासावेत, जुनी तडकलेली तार बदलावी आणि दिवा योग्य व्होल्टवर, फ्यूज लावूनच चालवावा. मोटर अडकलेली असताना बल्ब चालू ठेवू नये, कारण झोत एकाच जागी पडत राहिल्याने प्लास्टिकचा घुमट तापून वितळू शकतो. बैठकीवरील ओरखडे आणि जुन्या रंगाचे थर मात्र शक्यतो तसेच ठेवावेत. ते दिव्याच्या सेवेची साक्ष देतात.

चौथा आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत महत्त्वाचा निकष गतीचा आहे. काचेच्या कपाटात निश्चल ठेवलेला फिरता दिवा पाहणाऱ्यास निम्मेच सांगतो. अंधाऱ्या खोलीत तो चालू केला म्हणजे झोत भिंतीवरून, छतावरून, दाराच्या चौकटीवरून सरकत जातो. प्रकाश एकदम न उमटता क्रमाने चढतो आणि उतरतो. रस्त्यावरही हाच झोत इमारतींवरून फिरत जाई आणि वाहन वळणाआड असतानाच त्याची चाहूल देई. झेनॉनची चमक याहून तीव्र असते, पण इतकी आखूड की तिच्यावरून अंतराचा अंदाज घेणे डोळ्याला कठीण जाते. फिरत्या दिव्याचे सौंदर्य आणि उपयुक्तता या दोन्हींचे मूळ एकाच गोष्टीत, म्हणजे त्याच्या संथ, सलग फेऱ्यात आहे. म्हणून संग्राहकाने नमुना चालू अवस्थेत ठेवावा. ते शक्य नसेल तर त्याच्या गतीचे आणि आवाजाचे चित्रमुद्रण तरी करून ठेवावे.

पाचवी बाब पूर्वेतिहासाची. दिवा कोणत्या प्रकारच्या वाहनावर, कोणत्या गावी, कोणत्या काळात होता, याची दोन ओळींची चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवली, तर तो ऐतिहासिक साधन ठरतो. अशा चिठ्ठीविना तो केवळ आकर्षक वस्तू राहतो.

७. भारतीय संदर्भ – ‘लाल दिव्याची गाडी’ :

आपल्याकडे या दिव्याचा इतिहास वेगळ्याच वळणाने गेला. मराठीत ‘त्यांना लाल दिव्याची गाडी मिळाली’ असे म्हटले की कोणाला आग विझवावयास जायचे आहे, असा अर्थ कोणी घेत नसे. मंत्रिपद किंवा महामंडळाचे अध्यक्षपद मिळाले, असाच त्याचा बोध होई. लाल, अंबर आणि निळा हे दिवे वृत्तपत्रांच्या भाषेत पदांच्या पायऱ्या झाले. तातडीच्या कामासाठी वाट मागणारे साधन प्रतिष्ठेचे चिन्ह बनले.

याला नियमांचाही आधार होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०८ अन्वये कोणत्या मान्यवरांच्या वाहनांवर लाल दिवा असावा, हे ठरविण्याचा अधिकार केंद्र व राज्य शासनांना होता. रुग्णवाहिकेसाठी त्याच नियमात जांभळ्या काचेच्या लुकलुकत्या लाल दिव्याची तरतूद होती. म्हणजे जीव वाचविण्यासाठी धावणारे वाहन आणि सभेला निघालेले वाहन या दोहोंच्या टपावर लालच दिवा, भेद केवळ काचेच्या छटेचा. भर रहदारीत मागून येणाऱ्या वाहनाकडे आरशात पाहणाऱ्या चालकाने हा भेद कसा ओळखावा ?

सर्वोच्च न्यायालयाने अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात १० डिसेंबर २०१३ रोजी दिलेल्या निर्णयात लाल दिव्याचा वापर उच्च घटनात्मक पदांवरील व्यक्तींपुरता सीमित करण्यास सांगितले. त्यानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०१७ रोजी निर्णय घेतला आणि १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या वाहनांवरील दिवे हटविण्यात आले. मान्यवर ठरविण्याचा शासनांचा अधिकार नियमातूनच काढण्यात आला आणि बहुरंगी दिवा आपत्कालीन व सुव्यवस्थेच्या कामावरील वाहनांपुरता राहिला. लाल दिव्याला त्याचा मूळ अर्थ परत देणारा हा निर्णय होता, असे म्हणता येईल.

परंतु चिन्हाचा अर्थ शासकीय आदेशाने एका दिवसात पूर्ववत होत नाही. ज्या दिव्याकडे अनेक दशके सत्तेचे चिन्ह म्हणून भीतीने, असूयेने किंवा उपहासाने पाहिले गेले, त्याच्याकडे विश्वासाने पाहण्याची सवय समाजाला नव्याने लावावी लागते. प्रत्येक दिव्यामागे खरोखरच तातडी आहे, ही लोकांची खात्री हेच या यंत्रणेचे खरे इंधन आहे. ती खात्री ढळली, तर एलईडीचा कितीही प्रखर दिवा रुग्णवाहिकेला वाट मिळवून देऊ शकणार नाही.

८. आपल्याकडे संग्रहाची निकड :

संग्राहकांच्या जगात एक शिस्त कटाक्षाने पाळली जाते. दिवा टेबलावर, प्रदर्शनात किंवा जतन केलेल्या जुन्या वाहनावर असावा. खासगी वाहनावर लावून तो रस्त्यावर कधीही पेटवू नये. बहुतेक देशांत तो गुन्हाच आहे, परंतु कायद्याखेरीज त्यामागे नैतिक भानही आहे. दिव्याचे मोल जाणणारा माणूसच त्याचा खोटा वापर करीत नाही.

आपल्याकडे अशा संग्रहाला अनुकूल, पण अल्पजीवी, परिस्थिती आहे. २०१७ मध्ये उतरविलेले दिवे कोठारांत आणि गॅरेजांत पडले. त्यातच पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा नियम आला. संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांचा अपवाद वगळता जुन्या शासकीय गाड्या त्यामुळे भंगारात निघतात आणि त्यांच्यावरील तंतूच्या बल्बचे, फिरत्या आरशाचे दिवेही त्यांच्याबरोबर जातात. भंगारात प्लास्टिक, तांबे आणि लोखंड वेगळे झाले की दिवा उरत नाही.

महाविद्यालयांना येथे फार मोठा खर्च न करता काही करता येईल. भौतिकशास्त्र विभागाने निर्लेखित झालेला एखादा दिवा रीतसर परवानगीने मिळवून प्रयोगशाळेत चालू अवस्थेत ठेवावा. इतिहास विभागाने स्थानिक अग्निशमन दलातील निवृत्त चालकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नियम १०८ च्या दुरुस्त्यांचा अभ्यास करावा, तर मराठी विभागाने ‘लाल दिवा’ या शब्दप्रयोगाच्या वृत्तपत्रीय नोंदी जमवाव्यात. एकाच वस्तूभोवती चार विभाग एकत्र येण्याची अशी संधी वारंवार मिळत नाही.

९. समारोप :

आपत्कालीन वाहनावरील फिरता दिवा हे दीपगृहाचे धावते रूप आहे. अखंड जळणाऱ्या दिव्याचा झोत फिरवून, थोड्या विजेत अधिक लक्ष वेधण्याची युक्ती त्यात साकारली आहे. ती गतीवर आधारलेली असल्याने जतनही गतीसह झाले पाहिजे. अमेरिकेतील व जर्मनीतील संग्राहकांनी ही दृष्टी विकसित केली आहे आणि नमुना, अवस्था व पूर्वेतिहास यांच्या नोंदींमुळे त्यांच्या छंदाला अभ्यासाची प्रतिष्ठा लाभली आहे. भारतात या दिव्याने तातडी आणि प्रतिष्ठा असे दोन परस्परविरोधी अर्थ धारण केले, त्यांतील दुसरा अर्थ २०१७ मध्ये कायद्याने संपुष्टात आला. पहिला अर्थ टिकविणे हे आता नागरिकांच्या वर्तनावर अवलंबून आहे. जुना दिवा हाताळून, तो कशासाठी आणि कसा फिरत होता हे ज्या विद्यार्थ्याने एकदा समजून घेतले, तो मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट देताना क्षणभरही रेंगाळणार नाही, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी.